निळ्या आकाशाची थंडी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कॅनडातल्या विनिपेगला उतरणार असल्याचं कळवलंस आणि विचारलंस, तिथली थंडी नेमकी वाटते कशी? हे आधी विचारलंस ते बरं केलंस. कपड्यांच्या याद्या कुठेही मिळतात. शरीर कधी काय सांगतंय हे ओळखता आलं नाही, तर भारी कोट घालूनही माणूस काकडतो.

निफाडला पारा ५-६ अंशांवर उतरला की आपल्याकडे पहिल्या पानावर बातमी येते. विनिपेगला जानेवारीतली रात्र साधारण उणे २१ पर्यंत उतरते, दिवसा उणे ११-१२ च्या आसपास असतं आणि अधूनमधून उणे ३० च्या खालचे दिवस येतात. पण आकड्यापेक्षा तुला फसवेल ती तुझी सवय. आपल्याकडे थंडीत घर गार असतं आणि अंगणातल्या उन्हात ऊब मिळते. तिथे नेमकं उलट. घरात २०-२१ अंश, आणि खिडकीतून लख्ख ऊन, निळंशार आकाश दिसलं तर समज की बाहेर सगळ्यात कडक थंडी आहे. उत्तर ध्रुवाकडून आलेली जड, कोरडी हवा ढग राहू देत नाही आणि पांघरूण काढून घ्यावं तशी जमिनीची उष्णता रात्री आकाशात निघून जाते. ढगाळ, बर्फ पडण्याचा दिवस बहुधा त्यातल्या त्यात सौम्य असतो. तेव्हा ऊन बघून जाकीट उघडं टाकू नकोस.

उणे १० ला गाल लाल होतात, नाक वाहतं, पण भरभर चाललं की दहा मिनिटांत घाम येतो. उणे २० ला पहिल्याच श्वासाला नाकपुड्या आतून चिकटल्यासारख्या वाटतात, कारण नाकातल्या केसांवरचा ओलावा गोठतो. पायाखालचा बर्फ कोरडा होऊन करकर वाजतो आणि तोंडावर मफलर असेल तर वाफ वर जाऊन पापण्यांवर दंव धरतं. चष्मा असेल तर मफलर नाकाच्या हाडाखाली घट्ट बसव. उणे ३० ला कपाळ ठणकतं, खोल श्वास घेतला की खोकला येतो, आणि जीन्सच्या आत मांड्या झोंबू लागतात. फोन ४० टक्के बॅटरी दाखवत असतानाच बंद पडू शकतो. तो आतल्या खिशात, अंगाजवळ ठेव.

यात वारा मिसळला की हिशेब बदलतो. उणे २५ तापमान आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे ३९ सारखं लागतं. याला तिथे विंड चिल म्हणतात आणि सकाळी आधी तोच आकडा बघतात. हा आकडा उणे २८ च्या खाली असेल तर उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, उणे ४० च्या खाली ५ ते १० मिनिटांत. बस १२ मिनिटांनी असेल तर त्यातली ९ मिनिटं इमारतीच्या आत काढायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोटं दुखतायत, झोंबतायत, तोवर रक्त पोचतंय. दुखणं अचानक थांबलं आणि बोट बधिर झालं, तर ‘बरं वाटलं’ असं समजू नकोस. तीच धोक्याची खूण आहे. आपल्या सावळ्या कातडीवर हिमदंशाची सुरुवात राखाडी, मेणचट डागासारखी दिसते, बहुधा गालावर, नाकाच्या शेंड्यावर, कानाच्या पाळीवर. स्वतःचा गाल स्वतःला दिसत नाही, म्हणून सोबत्याने एकमेकांकडे बघायचं. डाग दिसला तर आत जा आणि कोरडा, गरम तळहात त्यावर नुसता ठेव. चोळू नकोस, बर्फाने तर मुळीच नाही, त्याने आतल्या पेशी फाटतात. बोटं बधिर असतील तर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडव. हीटरवर शेकू नकोस, बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. फोड आले किंवा बधिरपणा गेला नाही तर सरळ दवाखाना.

कपड्यांत घाम हा शत्रू. सुती बनियन घाम धरून ठेवते, आणि बसथांब्यावर उभा राहिलास की तीच ओली बनियन अंगातली ऊब ओढून घेते. आत मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टर, मध्ये फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं मऊ, उबदार कापड, वर वारा अडवणारी, मांडीपर्यंत येणारी पार्का, म्हणजे टोपीवाला जाड कोट. घाम येण्याआधीच चेन थोडी उघडायची. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा बोटं एकत्र राहणारे मिटन उबदार, आत पातळ मोजे घातले की फोनही वापरता येतो. बूट आतलं फेल्टचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, अस्तर काढून वाळवता येईल असे आणि एक माप मोठे घे. दोन जाड पायमोजे कोंबलेस तर रक्त अडतं, पाय जास्तच गार पडतो. लोकरीचा एकच जोड पुरे. धातूचे कानातले, बाळी काढून ठेव. पार्का आणि बूट तिथेच घे, सेकंडहँड दुकानांत चांगले मिळतात. पण विमानतळावरून घरी जाण्यापुरते थर, कानटोपी आणि मोजे हातातल्या बॅगेत हवेत. मोठी बॅग उशिरा आली तर?

घर बघताना भाड्यात हीट, म्हणजे घर गरम ठेवण्याचा खर्च, धरली आहे का, हे पहिलं विचार. तळघरातली खोली घेतलीस तर बाहेरच्या भिंतीलगतचा नळ गोठू शकतो. कडक रात्री सिंकखालच्या कपाटाचं दार उघडं ठेव आणि नळाची बारीक धार सोड. भट्टीचा, म्हणजे फर्नेसचा, बाहेर निघणारा पाइप बर्फाने बुजला नाही ना ते बघ, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे याची खात्री कर. गरम केलेली हवा फार कोरडी असते. नाकातून रक्त येतं, लोखंडी कडीला हात लावला की झटका बसतो. म्हणून हवा ओलसर ठेवणारा ह्युमिडिफायर लावशील, पण बाहेर उणे ३० असताना आतली आर्द्रता २० टक्क्यांच्या वर नेऊ नकोस. काचांवर बर्फ साचतो आणि मग भिंतींना बुरशी. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मलम लाव. खोबरेल बाहेरून आणलेल्या बाटलीत दगड होऊन बसतं, ते थोडा वेळ खोलीत राहू दे.

गाडी एवढ्यात घेऊ नकोस. घेतलीस तर हिवाळी टायर हवेत, आणि उणे १५ च्या खाली इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर निघण्याआधी तीन-चार तास विजेला जोडलेला हवा. शहराबाहेर गाडी अडकली तर सोडून चालत निघायचं नाही. इंजिन थोडा थोडा वेळच चालव आणि त्याआधी सायलेन्सरच्या नळीपुढचा बर्फ उकर.

डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, तू जाशील तेव्हा तो वाढायला लागलेला असेल. तरी वर्ग आणि नोकरी करून सूर्य दिसेनासा होतो. दुपारी वीस मिनिटं चेहरा झाकून बाहेर चाल. त्या उतरत्या उन्हातून हिवाळ्यात कातडी ड जीवनसत्त्व जवळजवळ बनवत नाही, म्हणून गोळीबद्दल डॉक्टरांना विचार. झोप बिघडली, जेवण नको वाटू लागलं, फोन घ्यावासा वाटेना, तर ‘थंडीमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नकोस. कळव. फेब्रुवारीत शहरातल्या सेंट बोनिफेस भागात १९७० पासून भरणारा फेस्टिव्हल दु व्होयाजर हा हिवाळी उत्सव असतो, नदी नीट गोठली की द फोर्क्स या नद्यांच्या संगमावर तिच्यावर स्केटिंगची वाट आखतात. आधी उसने स्केट घेऊन बघ.

तुझा,
काका

ता. क. दही तिथेही लागतं. कोमट दुधाला विरजण लावून भांडं ओव्हनमध्ये ठेव, ओव्हन बंद आणि आतला दिवा तेवढा चालू. आठ-दहा तासांत होतं. ओव्हनच्या बटणाला चिठ्ठी चिकटव, नाहीतर खोलीतला दुसरा कोणी ओव्हन तापवायला लावेल.