वाचकांचे प्रश्न : जंक्शन बॉक्स नेमका कुठे बसवावा?

प्रश्न : जुन्या फ्लॅटचे वायरिंग नव्याने करत आहोत. दिवाणखान्यातच तीन जंक्शन बॉक्स येतात. वायरमन म्हणतो, ‘झाकणावरून पुट्टी मारू, भिंत एकसंध दिसेल.’ हरकत आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : हरकत आहे. जंक्शन बॉक्स म्हणजे भिंतीतल्या तारा जिथे एकत्र येतात किंवा जोडल्या जातात तो डबा. ज्या बॉक्समध्ये सांधा (तारांचा जोड) आहे तो भिंत न फोडता उघडता आलाच पाहिजे. सांधा सैल झाला की तिथला रोध वाढतो. दोन किलोवॉटचा गीझर साधारण ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला, तर तेवढ्याच जागी सुमारे ३८ वॉट उष्णता निघते. पुट्टीमागे सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून दिल्यासारखेच हे. तारेचे साधे पीव्हीसी आवरण ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी असते. प्रवाह वाढलेला नसल्यामुळे एमसीबी (जादा प्रवाहाला वीज तोडणारा स्विच) पडत नाही आणि गळती नसल्यामुळे आरसीसीबीही (वीज जमिनीकडे गळली की ती तोडणारा स्विच) पडत नाही. घरातल्या माणसांना कळते ते जळका वास आल्यावर, आणि तेव्हा बॉक्स कुठे गाडला आहे हे कुणालाच आठवत नसते.

पण त्याआधी, तीन बॉक्स लागतात कशाला हे विचारा. लूपिंगने वायरिंग केले, म्हणजे तार एका स्विचबोर्डातून निघून थेट पुढच्या बोर्डात किंवा पंख्याच्या बॉक्समध्ये गेली, तर सगळे जोड बोर्डाच्या आणि फिटिंगच्या स्क्रूखालीच होतात. वाटेत सांधा राहत नाही. यात तार जास्त लागते, म्हणून काही कंत्राटदार लूपिंग टाळतात. गीझर, एसी, ओव्हन यांच्या तारा मात्र डीबीपासून (एमसीबींच्या मुख्य पेटीपासून) सॉकेटपर्यंत अखंडच हव्यात. तिथे तडजोड नको.

बॉक्स खरोखर लागतो तो तारा ओढण्यासाठी आणि तारांच्या पाइपला फाटा फोडण्यासाठी. दोन बॉक्सच्या मध्ये काटकोनातली दोनच वळणे ठेवा. तिसरे वळण आले की तार अडते, मजूर जोर लावतो आणि आवरण आतल्या आत सोलले जाते. २० मिमी पाइपमध्ये १.५ चौमिमीच्या पाचपेक्षा जास्त तारा कोंबू नका. जास्त असतील तर २५ मिमी पाइप घ्या.

सर्वांत सोयीची जागा म्हणजे स्विचबोर्डच्या बरोबर वर, उभ्या रेषेत, स्लॅब किंवा बीमच्या तळापासून २० ते ३० सेंमी खाली. अशाने पाइप कुठून गेला हे कुणालाही ओळखता येते आणि तसबिरीचा खिळा तारेत घुसत नाही. भिंतीत तिरकी झिरी मारू देऊ नका. कपाट, माळा किंवा पडद्याचा पेल्मेट जिथे येणार तिथे बॉक्स नको. बाथरूमला लागून असलेली भिंतही शक्यतो टाळा, कारण ओल तिथेच आधी येते.

बॉक्स गिलावा न केलेल्या विटेच्या पातळीत बसवला की १२ ते १५ मिमी गिलाव्याने तो आत बुडतो, झाकणाचे स्क्रू पोहोचत नाहीत आणि मग ‘पुट्टी मारू’ हा सल्ला येतो! त्याची कड गिलाव्याच्या तयार पातळीला आणायला सांगा. गिलाव्याआधी आत कागद किंवा थर्माकोल ठासा. सांध्यासाठी तारा पिळून टेप गुंडाळण्याऐवजी लिव्हरचा किंवा स्क्रूचा कनेक्टर वापरा. टेपचा चिकटा उन्हाळ्यात सुटतो. झाकण भिंतीच्या रंगात रंगवा आणि रंग वाळल्यावर कडेने पाते फिरवा. इंटरनेट आणि टीव्हीच्या केबलना वेगळा बॉक्स द्या. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी लावून फोटो काढा.

प्रश्न : फाटकाच्या दिव्यासाठी अंगणात घट्ट झाकणाचा बॉक्स बसवला, तरी पावसाळ्यात आत पाणी साचते आणि आरसीसीबी पडतो. झाकणाला सिलिकॉनही लावले.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पाणी बहुतेक झाकणातून येतच नाही, ते पाइपमधून येते. जमिनीतल्या पाइपमध्ये पावसाळाभर पाणी उभे असते. त्यावरची दमट हवा पाइपातून वर चढते आणि थंड बॉक्समध्ये तिचे पाणी होते. झाकण जितके घट्ट, तितके ते पाणी आत अडकते. बॉक्समध्ये येणाऱ्या पाइपचे तोंड तारांभोवती डक्ट पुट्टीने (पाइपची तोंडे बुजवायच्या मऊ लांबीने) बुजवा. बॉक्सला खालच्या बाजूला निचऱ्याचे भोक पाडण्याची खूण असेल तर तेवढेच उघडा.

तारा नेहमी खालून, ग्लँडमधून (तारेभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) घ्याव्यात. बाहेरून येणारी तार बॉक्सच्या खाली वळसा देऊन मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरचे पाणी वळशावरूनच ठिबकते. बॉक्स आयपी ६५ दर्जाचा (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न घेणारा) हवा, कौलांच्या पागोळ्या पडतात तिथून दूर आणि अंगणापासून किमान दीड फूट उंच. जांभ्याची भिंत पाणी पिते, म्हणून बॉक्स तिला चिकटवू नका. मागे १० मिमीचे प्लास्टिकचे गुटके द्या. खाऱ्या हवेत साधे स्क्रू गंजून उघडेनासे होतात, स्टेनलेसचे घ्या. पुढे कधी खोदकाम निघाले तर पाइपातली साधी तार काढून आर्मर्ड केबलच (धातूचे कवच असलेली केबल) टाका.

आरसीसीबी पडतो म्हणून त्याला बायपास करून घेऊ नका. ओल्या अंगणात जीव वाचवणारा तोच आहे.

प्रश्न : मॉड्युलर किचनमध्ये एक बॉक्स सिंकखाली आणि एक सिलिंडरच्या कपाटात येतो आहे. चालेल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही हलवा. सिंकखाली आज ना उद्या गळते आणि झुरळे तिथेच वस्तीला असतात. सिलिंडरजवळचा बॉक्स तर अजिबात नको. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळलेला गॅस कपाटाच्या तळाशी साचतो, त्यात सैल सांध्याची एक ठिणगी पुरते. फ्रिजमागची जागा चालते, कारण फ्रिज ओढता येतो. ट्रॉलीमागे ठेवायचाच असेल तर ट्रॉली बाहेर काढून हात पोहोचेल अशी मागच्या फळीला खिडकी कापून घ्या.

प्रश्न : बाथरूमच्या फॉल्स सीलिंगवर जंक्शन बॉक्स चालतो का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : टाळावा. गरम पाण्याची वाफ वर जाऊन तिथेच थंड होते. बॉक्स दाराबाहेरच्या भिंतीवर घ्या आणि आत सलग तार न्या. इतर खोल्यांत फॉल्स सीलिंगवर बॉक्स असेल, तर त्याच्या बरोबर खाली किमान ३० बाय ३० सेंमीचे उघडणारे झाकण ठेवा. पीओपीवाल्याला हे काम सुरू होण्याआधीच सांगा. मागाहून कापलेल्या झाकणाची कड नेहमी तडकते.