वरून बघून परतायचं की खाली मुक्काम करायचा?

प्रश्न : ताई, मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही घरची मंडळी बालीला जातोय. एजंटने दिलेल्या कार्यक्रमात 'किंतामणी व्होल्कॅनो व्ह्यू, बफे लंचसह' असा एका दुपारचा दीड तास आहे. चौदा वर्षांच्या लेकाला मात्र ज्वालामुखीवर चढायचंच आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि त्या अंडंही खात नाहीत. बातूर सरोवराकाठी मुक्काम करण्यात अर्थ आहे का? आणि पाण्यात उभं असलेलं ते प्रसिद्ध देऊळ तिथेच ना?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : आधी देवळाचं सांगते, कारण तिथे पुष्कळ जण फसतात. पाण्यातलं ते देऊळ बातूरचं नव्हे, ब्रातान सरोवरातलं, बेडुगुलचं. नावात 'उलुन दानू' दोन्हींच्या आहे. ड्रायव्हरला नुसतं तेवढंच सांगितलंत तर तो तुम्हाला थेट बेडुगुलला नेऊन सोडेल.

आता मुक्कामाचं. करा, आणि तो खाली, सरोवराच्या काठावरच करा. दक्षिण किनाऱ्यावरच्या कुटा-सेमिन्याककडच्या हॉटेलातून निघालात की किंतामणीच्या, म्हणजे पनेलोकानच्या कड्यावर पोचेपर्यंत दोन-अडीच तास जातात. तोवर बारा वाजलेले असतात आणि ढग चढायला लागतात. मग काचेच्या खिडकीशी बसून बेचव नूडल्स खायच्या आणि ढगांचे फोटो काढायचे. एजंटचं यात काही जात नाही, बफे मिळाला की त्याचा कार्यक्रम पूर्ण.

पनेलोकानला दहा मिनिटं उतरा मात्र नक्की, तेही सकाळी. कारण जागेचा आवाका तिथूनच कळतो. तुम्ही ज्या कड्यावर उभे असता तो एका प्रचंड ज्वालामुखीचा उरलेला काठ आहे. सुमारे २९ हजार आणि २० हजार वर्षांपूर्वी झालेल्या दोन मोठ्या उद्रेकांनंतर डोंगर आत कोसळला आणि जवळजवळ तेरा किलोमीटर लांब, दहा किलोमीटर रुंद खड्डा पडला. त्या खड्ड्यात पुन्हा उगवलेला सुळका म्हणजे आजचा बातूर, १,७१७ मीटरचा, आणि त्याच्या पायाशी चंद्रकोरीसारखं सरोवर. जवळच जिओपार्कचं संग्रहालय आहे. लेकाला चढाईच्या आदल्या दिवशी तिथे न्या, म्हणजे पायाखाली काय आहे ते त्याला कळेल.

खाली सरोवराकाठच्या केदिसान गावाकडे उतरणारा रस्ता तीव्र वळणांचा आहे आणि काळी रेती भरलेले ट्रक समोरून घरघरत येतात. गाडी लहान घ्या. पुढे काठावरच्याच तोया बुंगकाह गावाच्या वाटेवर एका बाजूला लाव्ह्याचं काळं रान लागतं, १९६० च्या दशकातल्या उद्रेकांचं. थांबून एक दगड हातात घेऊन बघा. आकाराच्या मानाने हलका, भोकाभोकांचा, धारदार, आणि भोकांतून राखाडी दगडफूल धरलेलं. त्याच रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला कांदा, टोमॅटो आणि मिरचीचे वाफे, सरोवरातून पंपाने पाणी ओढणारे. मला स्वतःला सूर्योदयापेक्षा हे वाफे जास्त आवडतात, पण ते लेकाला सांगू नका.

चढाई पहाटे चारच्या सुमाराला सुरू होते आणि दोन तासांत माथा येतो. स्थानिक वाटाड्या घ्यावाच लागतो. सूर्योदयासाठी दक्षिणेकडून मध्यरात्री गाडीने निघणारे लोक झोपेने झिंगत चढतात, काठावर राहणारा साडेतीनला उठतो. लेकाबरोबर त्याच्या बाबांना पाठवा. बॉलबेअरिंगसारख्या राखेवरून पाय घसरतो, म्हणून सॅंडल नको, बूट हवेत. माथ्यावर खडकाच्या फटींतून वाफ येते. वाटाडे त्या वाफेवर अंडी उकडून देतात. चष्मा असेल तर तो पुसण्यातच सूर्योदय जातो. आणि थंडी वाजते, बरं का! माथेरानला एकदा घातलेला स्वेटर कपाटातून काढा.

तेवढ्या वेळात तुम्ही आणि सासूबाई तोया बुंगकाहच्या गरम पाण्याच्या कुंडात. गुडघ्यांना बरं वाटेल. पायऱ्या ओल्या असतात, हात धरा. जेवणाचं मात्र सांभाळा. इथला खास पदार्थ म्हणजे सरोवरातला मुजाइर मासा, तेव्हा जिकडेतिकडे तोच. टोफू, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), भात आणि शेंगदाण्याच्या चटणीतलं गाडोगाडो मिळतं, पण चटणीत अनेकदा तरासी, म्हणजे कोळंबीचं आंबवलेलं वाटण असतं. 'तान्पा तरासी, तान्पा तलूर' हे कागदावर लिहून दाखवा : तरासी नको, अंडं नको.

परतताना कड्यावरच्या उलुन दानू बातूर मंदिरात जा. हे देऊळ पूर्वी खाली, डोंगराच्या पायथ्याशी होतं. १९१७ साली लाव्हा त्याच्या दाराशी येऊन थांबला, तेव्हा लोकांनी ती देवीची कृपा मानली आणि गाव तिथेच राहिलं. १९२६ साली मात्र गाव आणि देऊळ दोन्ही गाडले गेले. मग अख्खं गाव देवीसकट वर येऊन वसलं. देवी म्हणजे देवी दानू, सरोवराची देवता. तिच्यासाठी मेरू, म्हणजे एकावर एक अकरा छपरांचा मनोरा आहे. सरोवरातून एकही नदी बाहेर पडत नाही, पाणी जमिनीत मुरतं. खालच्या झऱ्यांना आणि भातखाचरांना पाणी देवीच देते असं शेतकरी मानतात आणि पाण्याच्या वाटणीत या देवळाचा शब्द चालतो. पाणी वाटून घेण्याच्या या 'सुबाक' पद्धतीला २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आत जाताना सारोंग आणि कमरेला पट्टा लागतो.

त्रुन्यानला, जिथे मृतदेह झाडाखाली उघड्यावर ठेवतात त्या स्मशानात, होडीने नेतात. मी जाणार नाही. कुणाच्या आजोबांच्या कवटीबरोबर सेल्फी काढायला सासूबाईंना कशाला न्यायचं? शिवाय होडीच्या भाड्यावरून घासाघीस होते ती वेगळीच.

प्रश्न : एवढ्या लांब कशाला? ज्वालामुखीचं सरोवर आपलं लोणारचं आहेच की!
– एक वाचक, ठाणे

उत्तर : लोणारला जरूर जा, पण ते ज्वालामुखीचं नाही. खडक ज्वालामुखीचा, खड्डा उल्केचा. बेसॉल्टवर उल्का आदळून १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर झालं. ज्वालामुखीचाच दगड बघायचा असेल तर अंधेरीचा गिल्बर्ट हिल रिक्षाच्या अंतरावर आहे. बेसॉल्टचे उभे खांब, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे, आणि माथ्यावर गावदेवीचं देऊळ.

प्रश्न : पाडव्याच्या सुट्टीला जोडून बातूरला जावं म्हणते. चालेल?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : तारीख बघा. बालीतही शक संवत्सर चालतं आणि त्यांचा नववर्षदिन म्हणजे न्येपी. २०२६ साली तो आणि पाडवा एकाच दिवशी, १९ मार्चला, पण दरवर्षी असं जुळत नाही. न्येपीला विमानतळ चोवीस तास बंद, रस्ते बंद, दिवे मंद, हॉटेलबाहेर पाऊल टाकता येत नाही. आदल्या संध्याकाळी राक्षसांच्या मोठाल्या प्रतिमांच्या मिरवणुका निघतात, त्या बघण्यासारख्या. पण मार्चमध्ये तिथे पाऊस असतो, डोंगर ढगात असतो. बातूरच बघायचा असेल तर मेपासून पुढे, आपल्याकडे छत्र्या बाहेर निघतात तेव्हा जा.