स्टॉपर गेला म्हणून अख्खी टीम हलवू नको

भावा,

तुझा रात्रीचा व्हॉईस मेसेज दोनदा ऐकला, कारण मागं कट्ट्यावरची पोरंच तुझ्यापेक्षा जास्त बोलत होती. तुझ्या फुटबॉल टीमच्या स्टॉपरचा, म्हंजे गोलासमोरच्या मधल्या बचाववाल्याचा एमआरआय आला, गुडघ्यातली एसीएल ही शीर गेलीय, म्हंजे या हंगामात तो नाय. वाईट झालं, पोरगं लई गुणी हाय. पण पुढं तू जे सांगितलंस ते ऐकून झोप उडाली माझी. मधल्या फळीतला हाफ स्टॉपरला घेणार, त्याच्या जागी लेफ्ट बॅक आणणार आणि बॅकला विंगवरचं पोरगं खेळवणार. अरे मर्दा, एक माणूस गेला तर जागा एकच मोकळी होते, तू तीन मोकळ्या करायला निघालायस.

कौलारू घराचं एक कौल फुटलं तर तिथं नवं कौल घालतात, शेजारची तीन सरकवत बसत नाहीत, नायतर पहिल्याच पावसात चार ठिकाणी गळतंय.

तू लिव्हरपूलचा टीशर्ट घालून फिरतोस म्हणून त्यांचंच सांगतो. २०१९-२० ला ९९ पॉइंट करून इंग्लंडच्या लीगची चॅम्पियन झालेली टीम. पुढच्या हंगामात १७ ऑक्टोबर २०२० ला एव्हर्टनच्या मॅचमध्ये त्यांचा स्टॉपर व्हॅन डाइकचा गुडघा गेला, महिन्याभरात इंग्लंडच्या प्रॅक्टिसला गोमेझ पडला, नंतर मॅटिपही गेला, तिघंही स्टॉपर. मग त्यांनी मधल्या फळीतल्या फबिन्हो आणि हेंडरसनला मागं ओढलं, आणि दोघंही मागं बरेच खेळले की, पण मधली फळी कोण सांभाळणार? बॉल काढून घेणारा माणूसच तिथं उरला नाही. अॅनफिल्डवर लीगच्या ६८ मॅच न हरलेली टीम तिथंच लागोपाठ ६ हरली. प्रेक्षक नव्हते, बाकीचेही जखमी होते, हे सगळं मान्य. तरी मार्चमध्ये काय केलं बघ. फबिन्होला परत मध्ये नेलं आणि मागं नॅट फिलिप्स, कबाक, शेवटी शेवटी ऱ्हिस विल्यम्स. हा विल्यम्स वर्षभर आधी इंग्लंडच्या सहाव्या पातळीवरच्या लीगमध्ये खेळत होता. शेवटच्या १० मॅचमध्ये ८ जिंकल्या, २ बरोबरीत, तिसरा नंबर. त्यातली एक तर गोलकीपर अॅलिसननं हेडर मारून जिंकून दिली, ते सोड, तसलं दरवेळी होत नाही.

म्हणून म्हणतो, तुझा तो राखीव स्टॉपर, जो गांधी मैदानावर सगळ्यांच्या आधी येऊन शेवटी जातोय, त्यालाच उतरव. कच्चा हाय, उंच बॉलला पाय अडखळतो त्याचा, पहिल्या दोन मॅचला गॅलरीतनं शिव्या बसतील आणि त्या तुलाही बसतील, खा. पण बाकीचे दहा जण आपापल्या जागी राहतात ना.

आता बाहेरनं खेळाडू आणायचं. मंडळातली मोठी माणसं म्हणणारच की एखादा परदेशी बघा, नायतर शेजारच्या पेठेतला फोडा. आणायला माझा विरोध नाही, पण घाईनं नको. लिव्हरपूलनं त्या हंगामात हिवाळी खरेदीच्या शेवटच्या दिवशी, १ फेब्रुवारीला, दोन स्टॉपर घेतले, त्यातला बेन डेव्हिस त्यांच्याकडून एकही मॅच खेळला नाही. कबाक खेळला, पण लेस्टरविरुद्धच्या त्याच्या पहिल्याच मॅचला एक लांब बॉल आला, अॅलिसन गोल सोडून पुढं आला, कबाकही त्याच बॉलवर, दोघं एकमेकांवर आदळले आणि लेस्टरच्या वार्डीनं मोकळ्या गोलात बॉल ढकलला. एकमेकांची हाकच माहीत नव्हती. आपल्याकडं तर गोलकीपर 'सोड सोड' म्हणून ओरडतोय आणि परदेशी पोरगं बघतंय तोंडाकडं. नवा माणूस आला तर पहिला आठवडाभर त्याला गोलकीपरबरोबरच ठेव, लांब बॉल टाकत राहा, हाका पक्क्या होऊ देत.

आणि जाणाऱ्या माणसाचंही लक्षात असू दे. दुखापत दिसते तरी, सोडून गेलेला दिसत नाही. लेस्टर २०१६ ला ८१ पॉइंटनी चॅम्पियन झालं, उन्हाळ्यात त्यांचा मधल्या फळीतला कांटे चेल्सीला गेला, पुढच्या वर्षी लेस्टर ४४ पॉइंटवर बारावं आणि कोच रानिएरीला फेब्रुवारीतच घरी पाठवलं, आणि तिकडं चेल्सी चॅम्पियन. केएसएकडं (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) नोंदणी व्हायच्या आधी तुझा जो हाफ गेला ना, त्याची जागा तू अजून भरलेलीच नाहीस, सगळी बोंब या स्टॉपरच्या नावावर चाललीय.

एक आकडा सांगतो, घाबरू नको. युएफा म्हंजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या डॉक्टरांनी युरोपातल्या मोठ्या क्लबांचा वर्षानुवर्षं हिशेब ठेवलाय, २५ जणांच्या टीमला एका हंगामात साधारण ५० दुखापती होतात. निम्म्या आठवड्याच्या आत बऱ्या होतात, आठेक मात्र महिन्याच्या वरच्या. तिथं फिजिओ, जिम, सगळं असून हे. आपल्याकडं बर्फाची पिशवी, स्प्रे आणि क्रेप बँडेज. त्यात एक लीग संपली की दुसरी स्पर्धा सुरू, मैदान कडक. म्हंजे दुखापत होणार हे धरूनच यादी करायची, प्रत्येक जागेला दुसरा कोण ते आजच लिहून काढ.

मांडी धरून बाहेर आलेला पोरगा दहा दिवसांनी येऊन म्हणेल, 'दादा, मी ओके, खेळव'. त्याच्या तोंडावर जाऊ नको. शाहू स्टेडियमच्या पायऱ्या उतरायला लाव, मग एका पायावर उड्या, मग फुल स्पीडनं पळताना एकदम थांबायला सांग. थांबायच्या वेळी चेहरा वाकडा झाला की बसव परत. तीच दुखापत पुन्हा उलटली की पहिल्यापेक्षा जास्त दिवस खाते. सेमीफायनल हाय म्हणून इंजेक्शन देऊन उतरवायची आयडिया कुणी दिली तर तिथंच नाही म्हण, मग तो कितीही मोठा माणूस असो.

स्टॉपरचं ऑपरेशन झालं तरी नऊ महिने त्याला मैदानात घेऊ नको. नॉर्वेच्या एका अभ्यासात दिसलंय, नऊ महिन्यांपर्यंत जेवढं थांबावं तेवढा, प्रत्येक महिन्याला, गुडघ्याला पुन्हा दुखापत व्हायचा धोका जवळपास निम्मा होत जातो. तोपर्यंत त्याला डगआउटमध्ये बसव, नव्या पोराला कुठं उभं राहायचं ते त्याच्यापेक्षा चांगलं कोण सांगणार.

मंडळाच्या मीटिंगला त्याच्या ऑपरेशनच्या खर्चाचा विषय आधी काढ, नव्या खेळाडूच्या मानधनाचा नंतर, क्रम उलटा झाला तर पैसे संपलेले असतात. मी येतो, फक्त शनिवारी ठेवू नका, घरी पाहुणे हायत. आणि येताना ती यादी आण.