मोटरहोमचं कर्ज गोव्यात दुसऱ्या बँकेकडे कसं वळवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पर्वरीला राहता, ३ वर्षांपूर्वी पुण्याकडे ट्रॅव्हलरच्या चासीवर बांधलेलं मोटरहोम घेतलं, नंबर अजून महाराष्ट्राचाच आहे. फायनान्स कंपनीचं कर्ज साडेबारा टक्क्यांनी चालू आहे, १८ लाख बाकी आहेत, ४८ हप्ते राहिलेत. हे कर्ज कमी व्याजात उचलणारी बँक गोव्यात कोणती?

मी फोंड्याला एका सहकारी बँकेत वाहनकर्जाचं काम बघायचो, आता निवृत्त आहे. माझ्या भाच्याकडेही अशीच गाडी आहे आणि तिच्या कर्जाचे कागद मीच हलवले. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगू शकतो. बँकेकडे नंतर येऊ. आधी हे वळवणं परवडतं का ते बघा, कारण तुम्ही प्रश्नात फक्त व्याजदर लिहिलाय, जुनं कर्ज मोडायचा खर्च लिहिलेला नाही.

१८ लाख, १२.५ टक्के, ४८ महिने, म्हणजे हप्ता साधारण ४७,८४० रुपये. तेच १० टक्क्यांनी मिळालं तर हप्ता ४५,६५० च्या आसपास. महिन्याला २,१९० वाचतात, चार वर्षांत १ लाख ५ हजार. आता खर्च धरा. करारात मुदतपूर्व फेडीचा आकार ४ टक्के असेल तर ७२,००० तिथेच गेले. नव्या बँकेची प्रोसेसिंग फी १ टक्का धरली तर १८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,२४०. हातात राहिले जेमतेम १२ हजार, आणि स्टॅम्प, आरटीओची फी, विम्यातली दुरुस्ती अजून बाकीच आहे. तोच आकार २ टक्के असेल तर वाचणारी रक्कम ४७-४८ हजारांवर जाते आणि मग धावपळ करण्यात अर्थ आहे. म्हणून आज पहिलं काम एकच: जुना करार काढा आणि फोरक्लोजरचं, म्हणजे मुदतीआधी कर्ज फेडून बंद करण्याचं, कलम वाचा.

त्या कलमाबरोबर व्याज फिक्स्ड (शेवटपर्यंत तेच) आहे की फ्लोटिंग (बाजारातल्या दराप्रमाणे बदलणारं) तेही बघा. व्यक्तीने धंद्याव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेल्या फ्लोटिंग मुदतकर्जावर असा आकार लावायला रिझर्व्ह बँकेने बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना कधीच मनाई केली आहे. पण वाहनांची कर्जं, त्यातही फायनान्स कंपन्यांची, बहुतेक फिक्स्ड असतात आणि तिथे करारात लिहिलेलं लागू होतं. नवं कर्ज घेताना मात्र हे लक्षात ठेवा. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचे एकत्रित निर्देश लागू आहेत आणि वैयक्तिक वापराच्या फ्लोटिंग कर्जाला आधी फेडण्याचा दंड लावता येत नाही, संस्था कोणतीही असो. पाव टक्का जास्त पडला तरी मी फ्लोटिंगच घ्या म्हणेन. २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, ६.५० वरून ५.२५ वर आला. फिक्स्डवाल्यांचा हप्ता त्याने एक रुपयानेही हलला नाही.

दुसरा हिशोब मुदतीचा, आणि याबद्दल मला मनापासून काळजी वाटते, कारण टेबलावर बसून मी लोकांना यात अडकताना बघितलंय. एजंट म्हणेल, "साहेब, हप्ता एकदम ३३ हजारांवर आणून देतो." देईलही. १८ लाख १० टक्क्यांनीच, पण ७२ महिन्यांसाठी केले की हप्ता ३३,३५० च्या आसपास येतो. ७२ हप्त्यांचे एकूण होतात २४ लाख. तुमचे सध्याचे ४८ हप्ते मिळून २२ लाख ९६ हजारच आहेत. व्याजदर अडीच टक्क्यांनी उतरला आणि तरी लाखभर जास्त गेले. घरात खरोखरच ओढाताण असेल आणि महिन्याचा भार हलका करणं भाग असेल तर वाढवा मुदत, त्यात काही वावगं नाही. पण ती बचत आहे असं समजून सही करू नका.

"सात-आठ टक्के" असा दर कानावर आला तर फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर मोजलेला, आहे का ते लगेच विचारा. ५ वर्षांसाठी ८ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर १४ टक्क्यांच्या आसपास पडतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर की फॅक्ट स्टेटमेंट देणं बंधनकारक आहे. त्यात फी वगैरे धरून वार्षिक टक्केवारी लिहिलेली असते, हप्त्यांचा तक्ता जोडलेला असतो आणि तो दर निदान तीन कामकाजाचे दिवस टिकवावा लागतो. दोन ठिकाणचे कागद घरी आणून ती एकच टक्केवारी ताडून बघा.

आता गाडी. साधी कार असती तर तुम्हाला हा प्रश्न पडलाच नसता. मोटरहोम म्हटलं की शाखेतला माणूस बिचकतो, कारण हप्ते थकले तर ही गाडी विकायची कुणाला, हे त्याला कळत नाही. त्याचा पहिला प्रश्न आरसीचा, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राचा, असतो. वाहनाचा वर्ग मोटर कॅरव्हॅन किंवा खासगी वापराची कॅम्पर व्हॅन असा असेल तर बोलणी पुढे जातात. आरसीवर नुसती प्रवासी गाडी आणि आत पलंग, ओटा, गॅस, टाकी असा संसार असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल झालेली गाडी कुठलीही शहाणी बँक तारण घेणार नाही. आरटीओत तो बदल नोंदवून घेता येत असेल तर आधी ते करा.

दुसरा प्रश्न किमतीचा. तुम्ही आतल्या सजावटीवर, सोलर, लिथियम बॅटरी, फ्रिज यांवर किती लाख घातले हे मूल्यांकन करणाऱ्याला फारसं मोजता येत नाही. तो चासी बघतो, वर्ष बघतो आणि विम्यातली आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, बघतो. ती नियमाने उतरत जाते: २ ते ३ वर्षांच्या गाडीला ३० टक्के घसारा, ३ ते ४ ला ४० टक्के, ४ ते ५ ला ५० टक्के. तुमची गाडी ४० टक्क्यांच्या घरात आहे. मूल्यांकन १८ लाखांच्या खाली आलं तर फरक तुम्हालाच रोख भरावा लागेल. म्हणून विम्याच्या नूतनीकरणाला बसवलेलं सामान बिलांसकट स्वतंत्र दाखवा. विम्याचा हप्ता थोडा जास्त बसतो, पण नुकसानभरपाईलाही ते उपयोगी पडतं आणि बँकेच्या माणसाच्या हातात एक छापील आकडा येतो. बांधणी करणाऱ्या कारखान्याची बिलं जपून ठेवली असतील तर तीही फाइलला लावा.

तिसरा अडथळा नंबर प्लेटचा. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो, कर्ज असो वा नसो. इथल्या बँकांना, विशेषतः सहकारी, बोजा गोव्याच्या वाहतूक खात्यात नोंदलेला हवा असतो. म्हणून आधी नंबर करून घ्या. फॉर्म २८ वर मूळ आरटीओची एनओसी लागते, तिच्यासाठी सध्याच्या फायनान्स कंपनीची संमती लागते, मग इथे फॉर्म २७. गोव्याचा रोड टॅक्स भरावा लागेल. महाराष्ट्रात एकरकमी भरलेल्या करातला उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी तिकडे अर्ज करून पाठपुरावा करावा लागतो. ते पैसे येणारच असं धरून हिशोब बांधू नका. आलेच तर वरकड समजा.

कुणाकडे जायचं? माझा क्रम असा. जिथे पगार किंवा धंद्याचं खातं आहे ती बँक आधी, कारण तुमची आवक-जावक तिच्या डोळ्यांसमोर असते आणि अनोळखी गाडीची भीती ओळखीच्या खात्याने कमी होते. सरकारी बँकेत वापरलेल्या वाहनाची योजना आहे का आणि तिच्यात हा वर्ग बसतो का, एवढंच विचारा. "कारसाठी आहे" असं उत्तर आलं तर तिथे दिवस घालवू नका. नंतर सहकारी: गोवा राज्य सहकारी, गोवा अर्बन, डिचोली अर्बन, सारस्वत. सहकारी बँकेत निर्णय घेणारा माणूस जवळ असतो, तो खाली येऊन गाडी बघू शकतो आणि तुमच्या जामीनदाराला ओळखत असतो. आमच्याकडे वेगळ्या धाटणीच्या गाड्यांची कर्जं अशीच व्हायची. मात्र सभासद व्हावं लागतं, जामीनदार लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी तारणी कर्जाच्या अडीच टक्के रकमेचे भाग घ्यावे लागतात. १८ लाखांवर ते ४५ हजार होतात. कर्ज फिटल्यावर परत मिळतात, पण तोवर अडकून राहतात. ईडीसीच्या (गोवा सरकारच्या आर्थिक विकास महामंडळाच्या) योजना उद्योग आणि स्वयंरोजगारासाठी आहेत, खासगी वापराच्या गाडीसाठी पणजीत तिथे खेप घालू नका.

सगळ्या बँकांत एकाच आठवड्यात अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जांच्या इतिहासाच्या अहवालावर, उमटते. आधी तोंडी विचारा, अर्ज दोन ठिकाणीच करा. स्वतःचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो आधी काढून त्यात चुकीची थकबाकी दिसते का बघा.

घरावर टॉप-अप घ्या, असा सल्लाही कुणीतरी देईल. गृहकर्ज चालू असेल तर टॉप-अपचा दर वाहनकर्जापेक्षा कमी पडू शकतो, आणि गाडीवरचा बोजा उतरतो. पण गोव्यात घराचं प्रकरण वेगळं असतं. इथल्या नागरी कायद्याप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्ता नवरा-बायको दोघांची सामायिक असते. म्हणजे गहाणखतावर वहिनींची सही हवीच, नावावर असोत वा नसोत. वडिलोपार्जित घर असेल आणि इन्व्हेंटरी (वारसांमधल्या वाटणीची कोर्टातली कारवाई) झालेली नसेल तर विषय तिथेच संपतो. आणि झालेली असली तरी माझं मत स्पष्ट आहे: दर वर्षी किंमत उतरणाऱ्या गाडीसाठी राहतं घर गुंतवू नका. घरावरचं कर्ज आधीच संपत आलं असेल आणि टॉप-अप चार वर्षांतच फेडणार असाल, तर एवढाच अपवाद मी मानेन.

आणखी एक, कारण गोव्यात हे फार चालतं. सीझनमध्ये गाडी पर्यटकांना भाड्याने देत असाल आणि प्लेट पांढरी असेल, तर ते नव्या बँकेपासून लपवू नका. करारात वैयक्तिक वापर लिहिलेला असतो. भाड्यावर असताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि कर्ज मात्र तुमच्या डोक्यावर राहतं. भाड्याने द्यायचीच असेल तर परवाना घेऊन व्यावसायिक नोंदणी करा आणि कर्जही धंद्याचं म्हणून मागा. दर थोडा वेगळा पडेल, पण झोप लागेल.

मंजुरी आली की पुढचं काम क्रमाने होतं. जुन्या कंपनीकडून त्या तारखेपर्यंतचं फोरक्लोजर पत्र घ्या, त्यात रोजचं व्याज लिहिलेलं असावं. पैसे नव्या बँकेने थेट जुन्या कर्जखात्यात भरावेत, तुमच्या खात्यातून फिरवू नका. मग जुन्या कंपनीची एनओसी आणि सहीशिक्क्याचे फॉर्म ३५ मिळतात. ते लावून जुना एचपी (आरसीवरचा कर्जाचा बोजा) उतरवायचा आणि फॉर्म ३४ ने नव्या बँकेचा चढवायचा. एनओसीची मुदत साधारण तीन महिने असते, ती उलटू देऊ नका. विम्याच्या पॉलिसीवरचं जुनं नावही बदलून घ्या. जुनं नॅच (खात्यातून आपोआप हप्ता कापायची परवानगी) बंद करायला लेखी सांगा, नाहीतर पुढच्या महिन्यात दोन्हीकडून हप्ता कापला जातो.

जुनी कंपनी कागद द्यायला टाळाटाळ करू लागली तर एक तारीख धरून बसा: वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत करून बोजा उतरवणं बंधनकारक आहे, आणि त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाका, त्याला पैसे पडत नाहीत.

आरसीवरचा वर्ग नेमका काय लिहिलाय आणि करारात फोरक्लोजर किती टक्के आहे, ही दोन उत्तरं इथे खाली लिहा. त्यावरून तुमच्या आकड्यांचा पूर्ण हिशोब मांडून देतो.