जुळ्यांची वार एकच असेल तर किती थांबायचं?

मागच्या प्रश्नोत्तरांत जुळ्यांबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत एकच वाक्य आहे, 'जुळी आहेत, सगळं नॉर्मल आहे, बाळंतपणाची तारीख कधीची घ्यायची?' वार, म्हणजे बाळांना पोसणारा प्लासेंटा, एक की दोन, हे जवळजवळ कुणीच लिहिलेलं नाही. आपल्याकडे वारेची चौकशी होते ती बाळ झाल्यावर, 'पडली का?' एवढीच. ती पाच-सहा महिने आधी करायला हवी. म्हणून आज फक्त एकाच वारेवरच्या जुळ्यांचे प्रश्न घेते.

प्रश्न (गुहागर) : पत्नीला २३वा आठवडा चालू आहे. रिपोर्टात जुळी आहेत एवढंच लिहिलंय आणि पुढे 'प्लासेंटा अँटेरिअर'. म्हणजे वार एकच ना?

'अँटेरिअर' म्हणजे वार पुढच्या बाजूला आहे. किती आहेत, ते त्यात नाही.

घरी जा आणि तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीची फाइल शोधा. रिपोर्ट नव्हे, त्याबरोबरचे काळे फोटो. ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान दोन बाळांमधला पडदा वारेला जिथे मिळतो, ती जागा पाहायची असते. तिथे वारेचा भाग पाचरेसारखा पडद्यात घुसलेला दिसला तर वार दोन आहेत, मग बाहेरून त्या एकमेकींना चिकटलेल्या का असेनात. पडदा पातळ असेल आणि इंग्रजी 'टी'सारखा सरळ काटकोनात येऊन टेकत असेल, तर वार एक. पुढे पुढे ती पाचर विरत जाते आणि २३व्या आठवड्यात चांगल्या सोनोलॉजिस्टलाही खात्रीने सांगता येत नाही. फोटो मिळाले नाहीत, शंका राहिली, तर वार एकच आहे असं धरून चालायचं. चूक झालीच तर दोन-चार सोनोग्राफ्या जास्त होतील, इतकंच. फाइल घेऊन याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना भेटा.

प्रश्न (देवगड) : एकच वार म्हणजे दोन्ही बाळं एकाच लिंगाची असतात असं वाचलं. मग कोणती, हे डॉक्टर सांगतील का?

एकाच लिंगाची, बरोबर. कोणती, ते सांगणं आणि विचारणं दोन्ही १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे.

प्रश्न (आगर, ता. दापोली) : सुनेने जुळी केळी खाल्ली म्हणून असं झालं असेल का?

नाही. एकच फलित बीज पहिल्या काही दिवसांत दुभंगलं म्हणून झालं. केळी खाऊ द्या तिला.

प्रश्न (मालवण) : डॉक्टर दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफीला बोलावतात. जावेला सगळ्या बाळंतपणात मिळून तीन झाल्या होत्या. प्रत्येक वेळी कुडाळला जायचं, गाडीभाडं, शिवाय तिथे फोर-डीचं पॅकेज घ्या म्हणतात आणि नाळेचं रक्त साठवणाऱ्या कंपनीचा माणूस भेटतो. हा धंदा तर नाही?

अर्धा आहे, अर्धा नाही. वेगळं करून सांगते.

१६व्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी, हा धंदा नव्हे. तुमच्या जावेचं एक बाळ आणि त्याची एक वार. तुमच्याकडे दोन बाळं एकाच ताटात जेवतायत, आणि वारेच्या आत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. दर शंभरातल्या १० ते १५ जणींमध्ये हे रक्त एकीकडून दुसरीकडे जास्त जाऊ लागतं. देणाऱ्या बाळाभोवतीचं पाणी आटतं, खोली २ सेंटिमीटरच्या खाली येते. घेणाऱ्याभोवतीचं ८च्या वर जातं. हे चार-पाच महिन्यांच्या सुमारास पकडलं तर लेझरने त्या वाहिन्या बंद करता येतात. ती सोय मोजक्याच मोठ्या केंद्रांत आहे, म्हणून कळायला उशीर झाला की सगळंच हातातून जातं. आईला दुखत नाही, रक्त जात नाही. तरीही दोन-चार दिवसांत पोट एकदम टरारून आलं, आडवं झाल्यावर दम लागू लागला, तर पंधरवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी जायचं.

फोर-डी, म्हणजे बाळाचा हलता चेहरा दाखवणारी सोनोग्राफी, मात्र अल्बमसाठी. पैसे वर आले असतील तर काढा, उपचारात त्याने काडीचा फरक पडत नाही. नाळेच्या रक्ताचं म्हणाल, तर स्वतःच्याच भावी उपयोगासाठी ते खासगी बँकेत साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, ही आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेची भूमिका आहे. त्यातून तुमची बाळं जनुकांनी सारखी. एकाला जन्मजात रक्तदोष असेल तर तो दुसऱ्याच्या साठवलेल्या रक्तातही असणार. 'जुळ्यांना डबल फायदा' असं छापलेलं माहितीपत्रक माझ्याही टेबलावर कुणीतरी ठेवून गेलं होतं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी आता पेशंटांना वारेचं चित्र काढून दाखवते.

प्रश्न (राजापूर) : मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आहे. एक वार, दोन पाण्याच्या पिशव्या. वाढ उत्तम, दोन्ही ठोके छान. डॉक्टर म्हणतात ३६ आठवडे झाले की बाळंतपण करून घेऊ. नेमका पितृपक्ष लागतो. घटस्थापनेपर्यंत थांबलो तर दोनच आठवड्यांचा प्रश्न आहे, बाळंही भरतील. दुसरे एक डॉक्टर ३७ चालतील म्हणाले. कुणाचं ऐकावं?

दोन्ही डॉक्टरांचं. पंचांगाचं मात्र नाही, कारण ३८ यातलं कुणीच म्हणालेलं नाही.

डॉक्टरांच्या सांगण्यात फरक का पडतो ते आधी घ्या. ब्रिटनच्या नाइस संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं अशा बिनगुंतागुंतीच्या जुळ्यांना ३६ आठवडे पूर्ण झाल्यावर बाळंतपण सुचवतात. अमेरिकेतली प्रसूतितज्ज्ञांची संघटना ३४ ते ३७ आठवडे ६ दिवस एवढी रुंद खिडकी देते. त्या खिडकीत नेमकी कुठे उडी मारायची, ते तुमच्या मुलीचा रक्तदाब, बाळांच्या वजनातला फरक, डॉपलर (नाळेतला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) आणि जवळ नवजात विभाग कसा आहे यावर ठरतं. म्हणून एक डॉक्टर ३६ म्हणतात, एक ३७. भांडण नाही ते. वार दोन असत्या तर मी स्वतः ३७च्या पुढे नेलं असतं.

आता 'बाळं भरतील' याबद्दल. हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकते आणि प्रत्येक वेळी माझा पारा चढतो. शेताला पंधरा दिवस जास्त दिले की दाणा भरतो. इथे दोन दाणे एकाच देठावर आहेत. ३६च्या आधी बाहेर काढलं तर फुप्फुसं कच्ची, दूध ओढायला ताकद नाही, साखर उतरते, हा तोटा खरा आहे आणि दर आठवड्याने तो कमी होत जातो. दुसऱ्या पारड्यात पोटातच अचानक ठोका बंद पडण्याचा धोका असतो, आणि एकाच वारेच्या जुळ्यांत तो ३६च्या पुढे जड होत जातो. २०१६मध्ये बीएमजे या नियतकालिकात ३२ अभ्यास एकत्र करून हेच तपासलं गेलं. दोन वारांच्या जुळ्यांत दोन्ही पारडी ३७व्या आठवड्यापर्यंत साधारण सारखी राहतात. एका वारेच्या जुळ्यांत ३६च्या पुढे थांबण्यात फायदा दिसला नाही.

आणि या जुळ्यांत एक गेलं तर 'निदान दुसरं तरी' असं सोपं नसतं. एकाचा ठोका थांबला की त्याच्या अंगातला दाब पडतो आणि जिवंत बाळाचं रक्त त्याच जोडलेल्या वाहिन्यांतून तिकडे धावतं. मेंदूला इजा व्हायची ती काही मिनिटांत होऊन जाते. नंतर धावत सिझर केलं तरी ती परत फिरवता येत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई अशाच 'चार दिवसांनी येतो' म्हणून घरी गेल्या. चार दिवसांनी आल्या, वेळेवर आल्या. सिस्टरने पोटावर ठोके मोजणारे दोन पट्टे लावले. एका पट्ट्यावर १४२, दुसऱ्यावरही १४२. सिस्टर म्हणाली, छान आहेत दोन्ही. मी बघत राहिले, कारण दोन्ही आकडे एकदमच वर जात होते आणि एकदमच खाली. दुसरा पट्टा पहिल्याच बाळाचा ठोका पकडत होता. पुढचं लिहीत नाही. त्या घरातल्या कुणाला मी दोष दिला नाही, 'जा' म्हणून मीही मान डोलावली होती. तेव्हापासून डोलावत नाही.

तुमच्या श्रद्धेची थट्टा करायची नाही मला. डॉक्टरांनी दिलेल्या खिडकीत मंगळवारऐवजी गुरुवार हवा असेल तर मागून घ्या, बहुतेक डॉक्टर देतात. पण पहाटे सव्वातीनची वेळ मागू नका. दोन बाळं म्हणजे दोघांकडे बघणारी माणसं वेगवेगळी लागतात, भूलतज्ज्ञ बऱ्याचदा दुसऱ्या गावाहून गाडी काढून यायचे असतात, रक्ताची पिशवी हाताशी असावी लागते. हे सगळं दिवसाउजेडी जमतं. पितरांनाही नातवंडं सुखरूप हवी असणार. उद्याच डॉक्टरांकडे जाऊन तारीख पक्की करा, आणि ३४पासून तपासणीची एकही खेप चुकवू नका. 'सगळं छान' हा निकाल त्या दिवसापुरता असतो.

प्रश्न (लांजा) : सातमाशी बाळ जगतं, आठमाशी जगत नाही, असं सासूबाई म्हणतात. ३६ आठवडे म्हणजे आठवाच की!

३६ आठवडे पुरे म्हणजे आठ महिने संपून नववा लागलेला असतो. आणि ती म्हणच उलटी आहे. ३४ आठवड्यांचं बाळ ३० आठवड्यांच्या बाळापेक्षा केव्हाही बरं. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न (कणकवली) : माझ्या दोन्ही बाळांमध्ये पडदाच नाही असं सांगितलंय. मलाही ३६ का?

नाही. तुमचं सगळं गणित वेगळं आहे. एकाच पिशवीत दोघं असली की नाळा एकमेकींत गुंततात. अशा बाळंतपणाची वेळ ३२ ते ३४ आठवड्यांच्या मध्ये, सिझरने, आणि तेही मोठा नवजात विभाग असलेल्या ठिकाणीच. हे वाचून झालं की आजच फोन करा. गावातल्या दवाखान्यात नाव घातलं असेल तर ते बदलावं लागेल.

प्रश्न (चिपळूण) : जुळी म्हणजे सिझरच ना? आणि फुप्फुसाची इंजेक्शनं आतापासूनच घेऊन ठेवू का? २६ आठवडे झालेत.

सिझरच असं नाही. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २५ देशांतल्या सुमारे २,८०० बायकांच्या अभ्यासात पहिलं बाळ डोक्याकडून असताना ठरवून केलेल्या सिझरचा बाळांना जास्त फायदा दिसला नाही. अट एवढीच की दुसरं बाळ आडवं फिरलं तर आत हात घालून त्याला काढता येणारा अनुभवी हात आणि तयार थिएटर दोन्ही हवं. ते आहे का, हे डॉक्टरांना सरळ विचारा. राग मानणार नाहीत, मानला तर उत्तर मिळालंच.

इंजेक्शनं 'घेऊन ठेवायची' वस्तू नव्हे. २०१४च्या केंद्र सरकारच्या सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांत बाळंतपण होण्याची चिन्हं असतील तर डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅमचे चार डोस, बारा-बारा तासांनी. उपयोग होतो तो पुढच्या काही दिवसांत. २६व्या आठवड्यात उगाच घेतली तर ३४व्यात कामी येणार नाहीत. ३४च्या पुढे द्यायची की नाही, हा निर्णय डॉक्टर बाळाच्या साखरेचाही विचार करून घेतात.

प्रश्न (वेंगुर्ला) : मी ३० आठवड्यांची, एक वार. मिस्टर डोंबिवलीला. बाळंतपण इथे माहेरी करू की मुंबईला जाऊ? आई म्हणते कळा आल्या की बघू.

कळा आल्या की बघायचं ते एका बाळाचं, आणि तेही पावसाळा नसताना. जुळ्यांपैकी निम्म्याहून जास्त बाळंतपणं ३७च्या आधी आपणहूनच सुरू होतात. त्या रात्री दरड पडून घाट बंद असेल तर कोल्हापूर नकाशावरच जवळ राहतं.

ठिकाण आत्ता ठरवा. एकच प्रश्न विचारा, 'एकाच वेळी दोन कमी दिवसांच्या बाळांना दोन खाटा मिळतील का?' एक मिळेल आणि एकाला दुसरीकडे पाठवू, असं उत्तर आलं तर पुढचा फोन लावा. वेंगुर्ल्याच्या बाजूची बरीच मंडळी गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, तोही विचार करा. मुंबईला जायचंच असेल तर ३२च्या आत, रेल्वेने, रक्तदाब तपासून आणि डॉक्टरांचा होकार घेऊन. ऐनवेळी हलवायची पाळी आलीच तर बाळं पोटात असतानाच हलवा. जन्मल्यावर दोघांना दोन गाड्यांतून न्यायचं म्हणजे काय, ते मी पाहिलंय. फाइलच्या झेरॉक्सचा एक संच पिशवीत कायम ठेवा, वर मोठ्या अक्षरात लिहा, 'जुळी, एक वार'. रात्रपाळीच्या डॉक्टरांना पहिलं तेच दिसायला हवं.

प्रश्न (डोंबिवली, मूळ गाव सावंतवाडी) : तारीख ३६ आठवड्यांची दिलीय. रजा कधीपासून टाकू? गणपतीच्या रजेत बरेच दिवस गेले.

३४पासून. साहेब ऐकत नसतील तर डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, आम्ही ती आनंदाने देतो.