चेक भाषा येत नसताना चेक रेडिओ कसा ऐकावा

द्वोर्झाकच्या सिंफनीमुळे तुम्हाला चेक संगीताची गोडी लागली. आता तिथला रेडिओ ऐकायचा आहे, पण भाषेचा एक शब्द कळत नाही. तेव्हा नाटकं आणि गप्पा सोडून फक्त संगीत ऐकावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

माझं मत अगदी उलट आहे. नाटकं सोडू नका, सुरुवातच तिथून करा. मी स्वतः आधी बरीच वर्षं नुसतं संगीत ऐकलं आणि नंतर कळलं की निम्मी गोष्ट हातातून निसटली होती.

चेक शब्दाचा आघात कायम पहिल्या अक्षरावर असतो. ऱ्हस्व-दीर्घाचा मात्र त्या आघाताशी संबंध नाही. ‘द्राह’ म्हणजे मार्ग आणि ‘द्रहा’ म्हणजे प्रिय स्त्री. जोर दोन्हीकडे पहिल्याच अक्षरावर, फक्त लांबण्याची जागा बदलते. दिन आणि दीन यांतला फरक शाळेत घोकलेल्या आपल्या कानाला हे लवकर पकडता येतं. आता त्यांची लोकगीतं ऐका. आपल्याकडे मुखडा बहुधा समेच्या आधी उचलतात आणि मग समेवर येतात. बोहेमियातलं, म्हणजे चेक देशाच्या पश्चिम भागातलं, गाणं बहुतेक वेळा पहिल्याच अक्षराला समेवर उभं असतं. भाषाच तशी, मग चाल वेगळी कशी असेल? स्मेताना आणि द्वोर्झाक या चेक संगीतकारांच्या सुरावटी एकदम ठाम पाऊल टाकत का सुरू होतात, हे मला पुस्तकातून कधी उमगलं नाही. तासभर नाटक ऐकलं आणि ते आपोआप कानात शिरलं.

संगीतकार लेओश यानाचेक यांनी तर यावर आयुष्य घालवलं. बाजारात, रस्त्यात, रेल्वे स्टेशनवर माणसं बोलत, तेव्हा त्या बोलण्याचे चढउतार ते वहीत स्वरलिपीत उतरवून घेत. १९०३ मध्ये त्यांची वीस वर्षांची मुलगी ओल्गा वारली, तेव्हा तिचे शेवटचे उद्गारही त्यांनी असेच टिपले. हे वाचल्यापासून त्यांचा कुठलाही ऑपेरा मी पूर्वीसारखा ऐकू शकलेलो नाही. १९२१ मध्ये रवींद्रनाथ प्रागला आले, तेव्हा यानाचेक त्यांच्या व्याख्यानाला गेले आणि बंगाली कळत नसताना त्या बोलण्याच्या लयीबद्दल त्यांनी लिहिलं. पुढच्याच वर्षी रवींद्रनाथांच्या एका कवितेवर त्यांनी समूहगान रचलं. न कळणारी भाषा कशी ऐकायची, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

आता प्रत्यक्ष कसं ऐकायचं ते सांगतो. चेक रेडिओचं ‘व्ल्तावा’ नावाचं केंद्र फक्त संस्कृतीला वाहिलेलं आहे. त्यावर अभिजात संगीत, रेडिओ-नाटक, कविता, क्रमशः कथावाचन असं सगळं असतं. दिवसभर अभिजात संगीतच हवं असेल तर ‘दे-दुर’, आणि जॅझसाठी वेगळं केंद्र. ‘मूयरोझ्ह्लास’ (můjRozhlas) हे त्यांचं ॲप फुकट आहे. नाटकं तिथे बहुधा मर्यादित दिवसच राहतात, म्हणून चांगलं दिसलं की लगेच ऐका. नाटकाला त्यांचा शब्द ‘ह्रा’, आणि त्याचा दुसरा अर्थ खेळ. आपणही नाटकाचा ‘खेळ’ म्हणतोच.

पहिलं नाटक चेक लेखक कारेल चापेक यांचं निवडा. त्यांची इंग्रजी भाषांतरं सहज मिळतात. ‘रोबोट’ हा शब्द जगाला मिळाला तो त्यांच्याच नाटकातून. कथानक आधी वाचून घ्या, मग एका बैठकीत वीस मिनिटंच ऐका. शब्द शोधत बसू नका. कोण कोणावर चिडलं आहे, कोण खोटं बोलतंय, एवढंच आवाजावरून ओळखायचा प्रयत्न करा. चापेक यांच्या सॅलमँडरांवरच्या (पाण्यात राहणाऱ्या, पालीसारख्या दिसणाऱ्या प्राण्यांवरच्या) कादंबरीचं यिर्झी होर्चिच्का यांनी दिग्दर्शित केलेलं १९५८ चं रूपांतर कधी लागलं तर चुकवू नका.

या रेडिओला परंपराही मोठी आहे. १८ मे १९२३ ला प्रागजवळच्या क्बेली इथे एका तंबूतून नियमित प्रसारण सुरू झालं, म्हणजे बीबीसीनंतर जेमतेम सहा महिन्यांनी. १९२५ मध्ये राष्ट्रीय नाट्यगृहातून स्मेतानाचा ऑपेरा थेट ऐकवला गेला, आणि १९२६ पासून रेडिओचा स्वतःचा वाद्यवृंद आहे. ५ मे १९४५ च्या सकाळी, नाझी ताबा असतानाच, निवेदक फक्त चेकमध्ये बोलू लागले. उठाव सुरू झालाय हे लोकांना तेवढ्यावरून कळलं. दुपारपर्यंत प्रागच्या विनोह्राडी भागातल्या रेडिओच्या इमारतीसाठी लढाई जुंपली होती.

मुंबईकर असाल तर आणखी एक धागा आहे. कार्लोव्ही व्हारी इथे जन्मलेले, प्रागमध्ये शिकलेले ज्यू संगीतकार वॉल्टर काउफमान १९३४ मध्ये मुंबईत आले आणि आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. सकाळी प्रसारण सुरू होण्याआधी वाजणाऱ्या आकाशवाणीच्या त्या धूनचं श्रेय त्यांनाच दिलं जातं. त्यांची भाषा जर्मन होती, तेव्हा त्यांना सरसकट ‘चेक’ म्हणू नये. पण बोहेमियाचं संगीत दोन्ही भाषांत वाढलं आहे.

वेळेचं गणित लक्षात ठेवा. प्राग आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं. स्मेतानाच्या पुण्यतिथीला, १२ मे रोजी, ‘प्राग स्प्रिंग’ महोत्सव त्याच्याच ‘मा व्लास्त’ (माझा देश) या रचनेने सुरू होतो आणि व्ल्तावावर थेट लागतो. तिथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेअकरा. पहिल्या हार्पचे स्वर येण्याआधी निवेदक बोलतो, तेवढा वेळ आवाज बंद करू नका.