डब्लिनला यायच्या आधी खांबावरचे कागद वाच

तुझा प्रश्न मावसबहिणीने जसाच्या तसा पुढे पाठवला. नवऱ्याला डब्लिनची ऑफर आहे, वर्षाला ७२ हजार युरो. मुलगी सात वर्षांची. शहराच्या पश्चिमेला ॲडम्सटाउन-लूकनच्या बाजूला दोन बेडरूमचा फ्लॅट मिळेल का, चार-पाच वर्षांत स्वतःचं घर होईल का, आणि एकंदर तिकडचं कसं दिसतंय. खाली लिहिलंयस, ‘ताई, खरं सांगा.’ ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते.

‘या, छान आहे, थंडीचे कपडे इथेच घ्या’ असं दोन ओळींत लिहून मोकळी होणार होते. पण ॲडम्सटाउनच्या त्या फ्लॅटपाशी अडकले. का ते शेवटी सांगते. नोकरीचं परमिट कसं काढायचं, फी किती, फॉर्म कुठला, हे सरकारी साइटवर नीट दिलंय आणि सारखं बदलतं, ते तिथेच बघ.

आधी पैसे. ७२ हजार ऐकून सासरी कोणीतरी गुणिले शंभर केलंच असेल. तू नोकरी करत नाहीस असं धरलं तर सगळे कर कापून महिन्याला साडेचार हजारांच्या जरा वर हातात येतात. इथे २० टक्क्यांची पायरी संपली की थेट ४०, मधे काही नाही. आणि पश्चिम डब्लिनमध्ये दोन बेडरूमचा बरा फ्लॅट तेवीसशे-चोवीसशेच्या खाली आता क्वचित मिळतो. म्हणजे महिन्याचे पहिले पंधरा दिवस नवरा घरमालकासाठी कामाला जाणार. उपाशी कोणी राहत नाही. पण घरी पैसे पाठवूनसुद्धा डाउन पेमेंट साठतं असं तुला ज्यांनी सांगितलं, ते २०१२ च्या आसपास आलेले असणार.

फ्लॅट मिळेल का, हा वेगळाच प्रश्न. जाहिरात सकाळी पडते, दुपारी काढलेली असते. घर बघायला जावं तर फाटकाबाहेर रांग, प्रत्येकाच्या हातात पगाराच्या स्लिपा आणि आधीच्या घरमालकाचं पत्र. तुझा आधीचा घरमालक कोण, तर कोथरूडचे कोणी काका. त्यांच्याकडून इंग्रजीत पत्र घेऊन ठेव. हसू नकोस, आमच्या ओळखीतल्या एकाला तेवढ्यावर घर मिळालं.

ही टंचाई आजची नाही. २००८ नंतर इथलं बांधकाम कोसळलं, डब्लिनमधल्या किमती निम्म्याहून खाली आल्या, बिल्डर बुडाले, गवंडी-सुतार ऑस्ट्रेलिया-कॅनडाला निघून गेले. लोक मात्र वाढत राहिले. २०२२ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ५० लाखांच्या वर निघाली, १८५१ नंतर पहिल्यांदा. २०२४ मध्ये घरं पूर्ण झाली ३० हजारांच्या आसपास, आणि वर्षाला ५० हजार हवीत असं सरकारच म्हणतं.

आता पत्त्याचा पुरावा. यावर मी व्याख्यान देऊ शकते. २०१५ च्या ऑगस्टमध्ये आम्ही आलो. बँक म्हणाली, खातं उघडायला पत्त्याचा पुरावा आणा, म्हणजे विजेचं किंवा गॅसचं बिल. बिल घरमालकाच्या नावावर. ते आमच्या नावावर करायला इथलं बँक खातं हवं. पीपीएस नंबरला, म्हणजे कर आणि सरकारी कामांसाठीच्या नंबरला, पुन्हा पत्त्याचा पुरावा, आणि तो नंबर नाही म्हणून पगारातून इमर्जन्सी टॅक्स, म्हणजे जादा कापलेला कर. त्यात त्याच उन्हाळ्यात एअरकोड नावाचे नवे पिनकोड सुरू झालेले, प्रत्येक घराला वेगळा, आणि आमच्या घरमालकाला स्वतःच्या घराचा माहीत नव्हता. माझी गंमत आणखी निराळी. लग्नाच्या दाखल्यावर माझं सासरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं, मुलीच्या जन्मदाखल्यावर ‘आईचे नाव’ म्हणून नुसतं पहिलं, तेही मराठीत. खिडकीतल्या बाईने तिन्ही कागद पत्त्यांच्या डावासारखे हातात धरले आणि विचारलं, यातल्या तुम्ही कोण? शेवटी नवऱ्याच्या ऑफिसातल्या एचआरच्या मुलीने लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या आणि गाडं हललं. दोन ओळींसाठी सात आठवडे. तेव्हा निघण्याआधी तुझ्या सगळ्या कागदांवर एकच नाव करून घे. नवरा ‘होईल तिकडे’ म्हणेल. तिकडे होत नाही.

तुझ्या नोकरीचं. ऑफर कुठल्या परमिटवर आहे हे आजच विचार. क्रिटिकल स्किल्सवर, म्हणजे टंचाई असलेल्या कामांसाठीच्या परमिटवर असेल, तर तुला स्टँप १जी हा राहण्याचा शिक्का मिळेल आणि आल्यापासून नोकरी धरता येईल. हे २०१९ च्या मार्चमध्ये झालं. त्याआधी आम्हा बायकांना स्टँप ३, त्यावर नोकरी करता येत नसे. कंपनीने माझ्यासाठी वेगळं परमिट काढायचं, आणि मुलाखतीत हा विषय निघाला की समोरच्याचा चेहरा पडायचा. पुण्यात सहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेली मी इथे जवळजवळ चार वर्षं पोळ्या लाटल्या. लोक म्हणतात, तेवढा वेळ मुलीला मिळाला ना. मिळाला.

तुझी मुलगी सात वर्षांची, म्हणजे पहिली-दुसरीत बसेल, म्हणून शाळेचं लांबण लावते. इथल्या प्राथमिक शाळा सरकारी पैशावर चालतात, पण दहातल्या जवळपास नऊ कॅथलिक चर्चच्या छत्राखाली आहेत. आम्ही आलो तेव्हा जागा कमी पडल्या तर बाप्तिस्मा झालेल्या मुलांना आधी घ्यायची त्यांना मुभा होती. आमच्या घरासमोर शाळा, स्वयंपाकघरात घंटा ऐकू यायची. ऑफिसातल्या बाई फार गोड बोलल्या. जागा नाही, म्हणाल्या. २०१८ च्या कायद्याने ती मुभा गेली, तेव्हा तुला तो त्रास नाही. आम्हाला दोन बस बदलून जायची शाळा मिळाली, तीही कॅथलिकच.

खरं दुखणं दुसरीतलं. त्या वर्षी मुलांचं फर्स्ट कम्युनियन, म्हणजे कॅथलिकांचा चर्चमधला एक विधी, असतो, आणि त्याची तयारी वर्षभर वर्गातच, शाळेच्या वेळात चालते. ज्यांना नको त्यांना सूट. सूट म्हणजे मागच्या टेबलाशी बसून चित्रं रंगवायची. माझी मुलगी आणि एक पाकिस्तानी मुलगा. तिने त्या वर्षी एक अख्खी वही भरवली, सगळे मोर. पुढचे-पुढचे मोर चांगले आलेत. मे २०१९ मधल्या त्या शनिवारी बाकीच्या मुली पांढरे झगे घालून, केसांत फुलं माळून चर्चला गेल्या, आणि सोमवारी वर्गात कोणाला किती युरो मिळाले त्याची मोजदाद झाली. ही घरी येऊन म्हणाली, मला पांढरा फ्रॉक हवाय, चर्च नको. मी म्हटलं, आपल्यात नसतं तसं. आता ती मोठी झाली, मला आठवतही नाही म्हणते. दुकानाच्या काचेतला तो फ्रॉक ४० युरोंचा होता, माझ्या लक्षात आहे.

एज्युकेट टुगेदर नावाच्या, चर्चच्या छत्राखाली नसलेल्या शाळा असतात, तिथे शाळेच्या वेळात ही तयारी नसते. जवळ असली आणि जागा असली तर डोळे मिटून घे. आयरिश भाषा शिकावी लागेल. मुलं शिकतात, आपण रडतो.

एकटं वाटतं का, असंही विचारलंयस. वाटतं, जातं. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो. तेव्हा सगळे दिवे लावायचे आणि वरणाला फोडणी द्यायची. गणपतीला हॉल भरतो, उकडीचे मोदकही असतात. यावर मी जास्त लिहिणार नाही.

एवढं मात्र सांगते. पहिल्या भाड्याच्या घराशेजारी एक म्हातारे गृहस्थ राहायचे. कचऱ्याचा काळा डबा कुठल्या आठवड्यात आणि हिरवा कुठल्या, हे मला कळत नसे म्हणून ते आमचाही डबा रस्त्यावर नेऊन ठेवायचे. एक दिवस कोपऱ्यावरच्या दुकानाच्या दारावर कागद दिसला, त्यावर त्यांचं नाव. इथे आरआयपी डॉट आयई नावाची साइट आहे, निम्मा देश रोज ती उघडतो. कोण गेलं, चर्च कुठलं, किती वाजता. मला वाटलं, बोलावणं यायला हवं. परक्यांनी कसं जायचं? गेले नाही. महिन्याभराने त्यांची मुलगी घर आवरायला आली, तिच्याकडून कळलं की इथे बोलावणं नसतंच, कागद लागला की जायचं. आमच्या मिरजेत चौकातल्या फळ्यावर खडूने लिहायचे, तेव्हा तरी कोण बोलवायला यायचं? तेही मला त्या दिवशी सुचलं नाही. हिरवा डबा अजूनही चुकतो.

एकंदर कसं दिसतंय, तर नोकऱ्या अमेरिकन कंपन्यांच्या जिवावर. कंपनीकराने सरकारची तिजोरी भरलेली आहे, २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाच्या निकालानंतर ॲपलकडचे थकलेल्या कराचे सुमारे १४ अब्ज युरोही पदरात पडले. पण त्या करातला निम्म्याहून जास्त वाटा जेमतेम दहा कंपन्यांचा. ट्रम्पनी औषधांवर आयातशुल्काचा विषय काढला की इथे डब्लिनपासून कॉर्कपर्यंत लोक बातम्यांना चिकटतात. २०२३ मध्ये माझा नवरा तीन महिने घरी होता. तोवर आम्हाला नागरिकत्व मिळालेलं, म्हणून निभावलं. परमिटवर असताना कपातीत नोकरी गेली तर दुसरी शोधायला सहा महिने मिळतात. तेवढ्या महिन्यांचं भाडं बाजूला ठेव आणि मगच गाडी घे. आणखी एक, तुला कोणी सांगणार नाही म्हणून. २०२५ च्या उन्हाळ्यात इथे भारतीयांवर हल्ले झाले आणि ऑगस्टच्या सुरुवातीला दूतावासाने सूचना काढली, निर्जन भागात अवेळी जाऊ नका. नवरा तेव्हापासून रात्री चालत येत नाही. आम्ही त्यावर घरात बोलत नाही, तो फक्त बसमधून मेसेज करतो.

घर घ्यायचं गणित सोपं आहे. पहिल्या घराला बँक साधारण पगाराच्या चौपट देते, १० टक्के आपले. ७२ चोक २८८. नवं तीन बेडरूमचं घर साडेचार लाखांच्या खाली दाखव मला. म्हणजे एका पगारात नाही. नव्या घराला सरकारच्या ‘हेल्प टू बाय’ योजनेतून ३० हजारांपर्यंत मिळतात, पण ते आधीच्या चार वर्षांत तुम्हीच भरलेल्या करातून, तेव्हा आल्या आल्या त्यावर विसंबू नकोस. चार-पाच वर्षं हा तुझा अंदाज बरोबर आहे, त्यात तुझा पगार धरलास तर. भाड्याच्या घरात तेव्हा मधेच ‘घर विकायचंय, निघा’ अशी नोटीस यायची. आम्हाला २०१८ ला आली. आम्ही घर घेतलं २०२१ मध्ये. कर्ज फिटेल तेव्हा मुलगी चाळिशीची असेल.

आता तो खांब. इथे काही बांधायचं तर अर्जाआधी जागेवर सगळ्यांना दिसेल अशी नोटीस लावावी लागते. पांढरा कागद, प्लास्टिकमध्ये, खांबाला किंवा फाटकाला बांधलेला. पिवळा असेल तर त्याच जागेसाठी सहा महिन्यांत दुसऱ्यांदा अर्ज. अर्ज गेल्यापासून पाच आठवड्यांच्या आत २० युरो भरून कोणीही कौन्सिलला, म्हणजे इथल्या पालिकेला, आपलं म्हणणं लेखी कळवू शकतं, भाडेकरूसुद्धा. भाड्याने राहायचो तेव्हा मी बाबागाडी थांबवून हे कागद वाचायची. किती फ्लॅट, किती मजले. तेव्हा वाटायचं, यातला एक आपला.

गेल्या वर्षी आमच्या वसाहतीच्या तोंडाशी असाच कागद लागला. सहा मजले, दोनशेच्या वर फ्लॅट. व्हॉट्सॲप ग्रुप पेटला. कोणीतरी तयार पत्र टाकलं, ट्रॅफिक, शाळांतल्या जागा, परिसराचं स्वरूप वगैरे. मी ते कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये वाचलं, खाली नाव घातलं, २० युरो भरले. बस तिसऱ्या स्टॉपलाच भरते हे काही खोटं नाही. पण ते पत्र कौन्सिलच्या साइटवर आहे, कोणीही वाचावं. त्यात एक वाक्य मी माझ्या मनाचं वाढवलं होतं: या भागात आता जागा उरलेली नाही. त्या शाळेतल्या बाईंइतकंच गोड इंग्रजी आहे ते.

ती जागा ॲडम्सटाउन स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे. दोन बेडरूमचे फ्लॅटच जास्त होते त्यात. कौन्सिलने परवानगी दिली, मग कोणीतरी अपील केलं. मी नाही केलं, पण थांबा असंही कोणाला म्हटलं नाही. अजून तिथे गवतच आहे आणि कोणाचा तरी एक घोडा चरत असतो.

तेव्हा तू विचारलेला फ्लॅट मिळेल का, याचं उत्तर माझ्याकडून घेऊ नकोस. आलात तर आमच्याकडे एक बॉक्स रूम, म्हणजे छोटीशी खोली आहे, त्यात एक कॉट आणि तुमच्या चार बॅगा मावतील, मुलगी माझ्या मुलीच्या खोलीत झोपेल. पंधरा दिवस, जास्त नाही, हे आधीच सांगते. पत्त्याचा पुरावा म्हणून मी पत्र लिहून देईन, पण बँकेला ते चालत नाही. एचआरच्या मुलीला आत्ताच मेल करून ठेव.